रुमालाखालचा मोकळा हात

नागोराव, औंढ्याच्या नागनाथानं तुला फसवलं आणि तू मला फसवलंस. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. शेवटी लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, सटवा दलाल दुःखाच्या भरात काहीबाही बोलून गेला. दुःख आहेच. पण राग माझ्याकडे आधीपासून राहायला आहे, त्याला आधी पाट मांडला पाहिजे.

काल तुझं तेरावं झालं. पंगतीत जो तो म्हणत होता, नागोराव देवाला शरण गेलेला माणूस, सुटला. माझ्या शेजारी बसलेले तुझे चुलते म्हणाले, "त्यानं देवाला वाहिलं, देवानं त्याला जवळ घेतलं."

"जवळ घ्यायला तो काय लांब होता?" मी म्हणालो. "सकाळी भाकर बांधून निघाला की दुपारच्या आत औंढ्याला पोचत होता. दर महिन्याला स्वतःच्या पायांनी जात होता की."

"सटवाजी, जेवा. मेल्या माणसाच्या घरी वाद नगं."

मी पत्रावळीवरून उठलो. तेराव्याच्या पंगतीतून उठलेला माणूस गावाच्या लक्षात राहतो. राहू दे. तुझ्या मरणाला कोणी इतक्या लवकर, इतक्या स्वस्तात 'बरं झालं' म्हणावं, हे मला बसल्या जागी गिळता येईना.

आपण भेटलो जवळा बाजार गावच्या गुरांच्या बाजारात. मी नवा दलाल होतो. दुसऱ्यांच्या बैलांचे कासरे धरत त्या बाजारातच वाढलो होतो, आणि कुणाच्या बापाची ओळख न सांगता स्वतःचा रुमाल खांद्यावर टाकला होता. आमच्या धंद्यात रुमाल हेच दुकान. भाव तोंडानं बोलायचा नाही. विकणाऱ्याचा हात आणि दलालाचा हात रुमालाखाली जातात, आणि बोटं दाबून बोलणं होतं. वर पावसापाण्याच्या गोष्टी, सोयऱ्याधायऱ्यांची चौकशी, खाली मारामारी. भोवती अख्खा बाजार उभा असला तरी कुणाला पत्ता लागत नाही.

तू एकटा बैल घेऊन आला होतास. त्याचा जोडीदार साप चावून मेला होता. एकट्या बैलाला बाजारात कोण विचारतं? चार दलाल तुझ्याकडं बघून पुढं गेले होते. मी रुमाल टाकला. तुझा हात आत आला आणि मी बोटाची वाट बघत राहिलो. बोट दाबेना. हात नुसता उलगडलेला, तळवा वर, ओंजळीत पाणी मागावं तसा.

"काहून गप? बोला की," मी म्हणालो.

"तुमीच बोला," तू म्हणालास. "माझा बैल तुमी बघितला, माझी अडचण बी बघितली. मी येगळं काय सांगू?"

मोकळा हात म्हणजे 'तुम्ही म्हणाल ते मान्य', हे मी म्हाताऱ्या दलालांकडून ऐकलं होतं. पण खरोखर मोकळा हात देणारा माणूस तोवर बघितला नव्हता. आमच्या बाजारात भाऊ भावाला देत नाही. मला असा संताप आला की तुझा हात झटकून टाकणार होतो. हा मला कोण समजतो? माझ्या चांगुलपणावर टाकून मोकळा होतो, म्हणजे आता चांगुलपणा मी कुठून आणायचा? बोट दाबलं असतंस तर मी तुला तासला असता, तू मला शिव्या दिल्या असत्यास, दोघंही सुखानं घरी गेलो असतो. रागारागात मी त्या बैलाचा खरा भाव केला. माझ्यासाठी काही न ठेवता सौदा करून उठलो, आणि घरी जाईपर्यंत स्वतःला शिव्या घालत होतो.

जाताना तू म्हणालास, "भाकर खायला या एकदा."

आलो. मग येतच राहिलो. माझ्या पायतानाचा आवाज ओळखून भागावहिनी तव्यावर जास्तीची भाकर टाकायच्या. वरून म्हणायच्या, "आले बाजारातले शहाणे." ज्याला कुणाचं अंगण नव्हतं त्याला तुझं अंगण मिळालं. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, मीही नाही. ते विसरलो असतो तर आज एवढा चिडलोच नसतो.

मग तुझ्या लाल गाईला तो खोंड झाला. कंधारी लाल, कपाळ रुंद, कान लांब, वशिंड आतापासून बांधल्यासारखं. मी म्हणालो, ह्याला जोड मिळाली तर जिल्ह्यात अशी जोडी नाही. त्याची जोड शोधायला मी किती बाजार पालथे घातले ते माझ्या टाचांना विचार. शेवटी कळमनुरीच्या बाजारात मिळाला, तो मी माझ्या पैशानं घेतला. तोच रंग, तेच शिंग, डोळ्याभोवती तोच काळा घेर. तुझ्या गोठ्यात दोघांना शेजारी बांधलं तेव्हा वहिनींनासुद्धा कोणता कुठला ते सांगता येईना.

तुझा खोंड तुझा, माझा खोंड माझा, जोडी दोघांची. एकत्र वाढवायची, एकत्र जुवाला लावायची, फोडायची नाही. तू थट्टेनं म्हणालास, "टाक तुझा रुमाल." मी टाकला. तू पुन्हा मोकळा हात दिलास आणि मी त्यावर माझी पाचही बोटं दाबली. शब्द माझा एकट्याचा नव्हता, नागोराव. तुझाही होता.

खोंड दोन दाती झाले. खच्ची करून कामाला लावायचे दिवस आले. मी त्या कामाचा माणूसही सांगून ठेवला. शिवरात्र तोंडावर होती. तू कडबा तोडता तोडता, मान वर न करता म्हणालास, "माझा न्हाई खच्ची करायचा. मी त्याला नागनाथाच्या नावानं सोडून राहिलो."

देवाच्या नावानं वळू सोडतात हे मला काय ठाऊक नव्हतं? मांडीवर त्रिशूळाचा डाग द्यायचा आणि दावं काढायचं. मग तो कुणाचा नाही. कुणाच्याही रानात तोंड घालील, कुणी मारायचं नाही, कुणी बांधायचं नाही, कुणी विकायचा नाही. पण लोक नवसानं सोडतात. तुझ्या घरात लेकरू नव्हतं. म्हणून मी राग गिळून म्हणालो, "लेकरासाठी सोडतोस तर सोड. देणं-घेणं मला कळतं. मी माझ्या खोंडाला दुसरी जोड बघीन."

"लेकरासाठी न्हाई."

"मग कशासाठी?"

"कशासाठीच न्हाई."

वहिनी दारात उभ्या होत्या, पिठाचे हात तसेच. त्या आत गेल्या. मी तुझ्यावर काय काय ओरडलो ते शेजारच्या गोठ्यापर्यंत गेलं. जोडीतला एक बैल म्हणजे जोडीचा अर्धा भाव नव्हे, चौथाईही नव्हे, हे तुला मी सांगायला पाहिजे होतं का? साप चावल्यावर एकटा बैल घेऊन तूच उभा होतास ना त्या बाजारात? तेव्हा जोडी सापानं फोडली होती. आता तू फोडत होतास.

"सोडायचाच तर म्हातारा सोड," मी म्हणालो. "तो बघ कोपऱ्यात, दात पडलेला."

"म्हातारा सोडायला देव कशाला लागतो? त्याला आपून तसंच सोडतो."

"अन् ह्यालाच काहून?"

तू कडबा खाली ठेवलास. "सकाळी उठलो की आधी त्याला बघतो, सटवा. देवाच्या आधी, भागाच्या आधी. रानात गेलो तरी जीव हितं. कुणी त्याच्या पाठीवर हात फिरवला तर मला राग येतो. माझं, माझं, लई वाढून राहिलं. असं वाढलं की माणूस दाव्याच्या ह्या टोकाला बांधला जातो."

"मग त्यात देवाचा काय फायदा?"

"त्याचा काय फायदा? बैल त्याचाच व्हता. दावं तेवढं माझं. ते सोडायचं."

त्या दिवसापासून आपला वाद लागला आणि तो काही मिटला नाही. मी म्हणत होतो, नवस सरळ असतो: मी हे देतो, तू ते दे, नाही दिलंस तर तोंड दाखवू नको. त्यात देवाचाही मान राहतो, माणसाचाही. पण काही न मागता द्यायचं, हा गर्व झाला. तू देवाला मिंधा करायला निघालास. तू म्हणत होतास, मागितलं की मनात सारखी चौकशी राहते, दिलं का, कधी देतो, कमी तर देत नाही. हात मोकळा केला की ती चौकशी संपते. मी म्हणालो, चौकशी संपली की माणूसही संपतो. तू हसलास. तुझं ते हसणं मला कधी आवडलं नाही. वाद जिंकल्यासारखं नसायचं, वाद नव्हताच असं असायचं.

शिवरात्रीला तू डाग दिलास आणि औंढ्याच्या वाटेवर नेऊन दावं काढलंस. बैल हललाच नाही. त्याला काय ठाऊक आपण देवाचे झालो? त्याला हाकलून आपण घरी परतलो, तर दिवस मावळायच्या आत पठ्ठ्या आपल्यामागं गोठ्यात हजर, माझ्या खोंडाला खेटून उभा. गाव हसलं.

"बघ," मी म्हणालो, "देवानंच परत पाठवला. बांध आता."

"न्हाई," तू म्हणालास. "आता तो पाव्हणा हाय. पाव्हण्याला दावं लावीत न्हाईत."

माझा खोंड मात्र फुकट गेला. दुसरा कुठलाही बैल शेजारी लावला की हा जू खाली टाकायचा. बाजारात माझी टर उडायची. "काय सटवाजी, तुमच्या जोडीतला एक संन्याशी झाला म्हणं? दुसऱ्याला तरी दीक्षा देऊन टाका." मी तो विकला नाही. का विकला नाही, ते विचारू नको.

मग निजामाच्या राज्याचा तो शेवटचा उन्हाळा आला. त्याच्या माणसांच्या भीतीनं गावंच्या गावं उठली आणि पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात निघाली. आपणही निघालो. ढोरं पुढं घातली. मी म्हणालो, वळूला कासरा लावू, हितं राहिला तर कोणीतरी कापून खाईल. सारं गाव जिवाच्या भीतीनं पळत होतं आणि तू मला हात धरून थांबवलंस. "त्याला लावायचा न्हाई, सटवा. सोडला तो सोडला." तुझ्या डोळ्यात पाणी होतं, ते मी बघितलं. म्हणजे तुला वाटत नव्हतं असं नव्हतं. वाटत असून तू हात आखडला नाहीस. मला तेव्हा तुझ्या थोबाडीत मारावीशी वाटली.

आणि तो आला. कळपाच्या मागं, कुणी न हाकता, नदीच्या उतारातून गळाभर पाणी तुडवत आला. बायांनी हात जोडले, म्हणाल्या, देव सोबत आला. तू म्हणालास, "देव कशाचा? तो सटवाच्या बैलामागं आला." दुसरा कुणी असता तर त्या एका गोष्टीवर वऱ्हाडात बुवा होऊन बसला असता. तू चमत्कारसुद्धा स्वतःच्या नावावर घेतला नाहीस. तेवढ्यापुरता, नागोराव, मला तुझा अभिमान वाटला. तेवढ्यापुरताच.

राज्य गेलं, आपण परत आलो. येताना तू नदीकाठचा हिवताप अंगात घेऊन आलास. मी गाडी जुंपून तुझ्या दारात आलो तो भांडायच्या तयारीनं. मला वाटलं, तू म्हणशील, देवाच्या मनात असेल ते होईल, मला हिंगोलीच्या दवाखान्यात नेऊ नको. मी उत्तरं पाठ करून आलो होतो. तू काही न बोलता उठलास, माझ्या खांद्यावर हात टाकलास आणि गाडीत बसलास.

वाटेत मी म्हणालो, "देवावर हवाला टाकलेला माणूस दवाखान्यात कसा निघाला?"

"काहून? देव दवाखान्यात येत न्हाई व्हय?" तू म्हणालास. दात थडथडत होते, तरी टोमणा सरळ होता.

डॉक्टरानं दिलेलं सगळं तू घेतलंस. कडू काढे घेतलेस, सुई घेतलीस. एकदा तरी तोंड फिरवलं असतंस तर आज मला बोलायला जागा राहिली असती. म्हणालो असतो, हट्टानं मेला. ती जागाही तू ठेवली नाहीस. माणसानं करायचं ते तू सगळं केलंस, मी सगळं केलं, त्या डॉक्टरानं सगळं केलं. करायचं राहिलं ते एकाचंच.

शेवटच्या दुपारी दवाखान्यात मी तुझ्या खाटेशेजारी बसलो होतो. घोंगडीखाली तुझा हात माझा हात शोधत आला. थंडगार हात. सवयीनं मी बोटाची वाट बघितली. काहीतरी सांगायचं असेल, वहिनींचं, रानाचं, बैलाचं. बोट दाबेना. हात उलगडलेला, तळवा वर. जवळा बाजारातला तोच हात.

मी वाकून विचारलं, "हा कुणाला, नागोराव? मला का त्याला?"

तुझे ओठ हलले. हसलास की कळ आली, मला समजलं नाही. दिवस मावळायच्या आत तू गेलास. तो हात मी अजून माझ्या हातात धरून बसलोय, आणि त्यावर काय ठेवायचं ते मला कळत नाही. मला दिला असशील तर सांगायला पाहिजे होतंस. मी आजवर हात बघून भाव केला. ह्या हाताचा भाव मला येत नाही.

पंगतीतून उठून काल मी तुझ्या गोठ्यात जाऊन उभा राहिलो. दोघंही तिथंच होते, माझा दाव्याला, तुझा मोकळा. मागून वहिनी आल्या. कपाळ मोकळं. मी खाली बघत राहिलो.

"भावजी, जेवणावरून उठलात."

"पोट भरलं."

"खोटं बोलू नका. तुमी बाजारात बोला खोटं." त्या वळूच्या पाठीवरचा कचरा झाडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी मागितलं व्हतं."

"काय?"

"ह्याला सोडला तवा. ते दावं काढून राहिले व्हते, मी मागं उभी व्हते. ते मागणार न्हाईत हे मला ठावं व्हतं. म्हणून मीच मनात म्हणलं, नागनाथा, लेकरू न्हाई दिलं, न्हाई तर न्हाई. पण ह्यांच्या आधी मला ने. एवढंच."

तुझ्या पाठीमागं, तुला न कळता, तुझ्या बायकोनं देवाशी सरळ सौदा केला होता. माल दिला होता. डाग दिलेला, दावं काढलेला, साऱ्या गावासमोर दिलेला माल. आणि मागणं केवढं? दुसरी कोणतीही बाई मागते तेवढंच.

"आता काय म्हणता?" मी विचारलं.

"आता काय म्हणायचं? त्यो मोठा." वळूच्या पाठीवरून हात काढत म्हणाल्या, "तुमच्या बाजारात असं झालं, माल घेतला अन् शब्द पाळला न्हाई, तर काय करतात?"

"विचारतात. चार माणसांत उभं करून विचारतात."

"मग विचारा," त्या म्हणाल्या, आणि घरात गेल्या.

तर ऐक, नागोराव. येत्या सोमवारी मी औंढ्याला जातोय. तिथला नंदी देवळाच्या मागं बसलेला. तू म्हणायचास, त्याला देवाचं तोंड बघायचीही गरज पडत नाही, इतका तो त्याचा. मला तर वाटतं, काही विचारील म्हणून त्याला पुढं येऊ दिलं नाही. मी पुढून जाणार. त्या अरुंद पायऱ्या वाकून उतरणार, खाली भुयारात. बेल नेणार नाही, नारळ नेणार नाही. खांद्यावरचा रुमाल पिंडीवर टाकीन आणि हात खाली घालीन. पुजारी ओरडला तर ओरडू दे. देवाला हात नाहीत ही सबब मी ऐकणार नाही. माझी जोडी फोडायला त्याला हात होते.

आयुष्यभर घेणाऱ्या-विकणाऱ्या दोघांच्या मधे मी उभा राहिलो. आता त्याच्यामाझ्यामधे तू आहेस. जोडी मोडल्याचं माझं देणं तुझ्याकडं निघतं, ते एवढ्या दलालीत फेड. त्याला विचार: जवळा बाजारात एका दलालाला मी मोकळा हात दिला. तो दलाल लबाड होता, चिडका होता, त्याला आगापिछा नव्हता, तरी त्याला लाज वाटली आणि त्यानं खरा भाव केला. मग तोच हात मी तुला दिला तेव्हा तुझी लाज कुठं गेली होती? आणि ज्या बाईनं मोकळा हात दिला नव्हता, सरळ बोट दाबून मागितलं होतं, तिचं काय केलंस?

आणि त्याला हेही सांगून ठेव, की त्यानं मला उलट मोकळा हात दिलेला चालणार नाही. तुझा चालला, कारण तू गरीब होतास. त्याला ते शोभत नाही. त्यानं बोट दाबलं पाहिजे. एक तरी. लहान तर लहान. मागं लोकांची रांग खोळंबली, पुजाऱ्यानं दिवे विझवले, तरी मी रुमालाखालून हात काढणार नाही.